जेवणातल्या वनस्पतिज विषांमुळे शुक्राणू कमी होतात का? काय सोडायचं आणि काय नाही

तुम्ही जे लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो. वय ३३, दीड वर्ष मुलासाठी प्रयत्न चालू आहेत. वीर्यतपासणी एकदाच झाली. तीत मिलिलिटरमागे १.१ कोटी शुक्राणू आणि पुढे सरकणारे २४ टक्के, असा अहवाल आला. त्यानंतर तुम्ही वाचलंत की बऱ्याच भाज्या-धान्यांमध्ये नैसर्गिक विषं असतात आणि ती पुरुषाची प्रजननक्षमता मारतात. मग सोयाबीन, पुदिना, कोबी, बटाटा, बदाम, जवस आणि सरकीचं तेल, सगळं बंद केलंत. तीन महिन्यांत सहा किलो वजन उतरलं. आता विचारताय की आणखी काय सोडू आणि फरक कधी दिसेल. शिवाय तीन गोष्टी तुम्ही ओघात लिहून गेलात: तपासणीच्या महिनाभर आधी आठवडाभर जोरदार ताप होता, व्यायामशाळेत कुणीतरी सुचवलेली ‘शक्तिवर्धक’ वनौषधी कॅप्सूल वर्षभर चालू आहे, आणि लहानपणी तुम्हाला सोयाचं बाळदूध दिलं होतं. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर याच तीन ओळींत आहे. पण तुमची भीती अगदीच निराधार नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलू.

वनस्पती विषारी रसायनं बनवतात हे खरंच आहे. कीड, बुरशी आणि चरणारी जनावरं यांच्यापासून बचाव करायचं त्यांचं तेच साधन आहे. त्यातल्या काही रसायनांनी नराच्या प्रजननावर परिणाम होतो, हेही सिद्ध झालंय. अडचण अशी की ‘परिणाम होतो’ एवढ्या दोन शब्दांत फार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या जातात. काचेच्या बशीत शुक्राणूंवर अर्क ओतला आणि ते थांबले, हाही परिणाम. उंदराला त्याच्या वजनाच्या मानाने प्रचंड मात्रा नळीने पोटात दिली, हाही परिणाम. आणि हजारो पुरुषांनी रोजच्या जेवणातून खाल्लं आणि त्यांना मुलं होईनाशी झाली, हाही परिणामच. निर्णय घेताना मी या तिसऱ्या प्रकारच्या पुराव्याला सर्वाधिक वजन देतो. आणि जेवणातून खाल्लेल्या वनस्पतिज विषाच्या बाबतीत असा पुरावा ठामपणे एकाच पदार्थाचा आहे: कच्च्या सरकीच्या तेलाचा.

कपाशीच्या झाडात, विशेषतः सरकीत, गॉसिपॉल नावाचं पिवळसर रंगद्रव्य असतं. १९५० च्या दशकात चीनच्या काही ग्रामीण भागांत असं दिसलं की गावंच्या गावं वंध्यत्वाने ग्रासली आहेत. शोध घेतल्यावर धागा स्वयंपाकाच्या तेलापाशी गेला. सरकी न तापवता दाबून काढलेलं, शुद्ध न केलेलं तेल तिथे रोज वापरात होतं. पुढे १९७० च्या दशकात तिथल्या संशोधकांनी याच गॉसिपॉलची पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळी करून पाहिली. आठ हजारांहून अधिक पुरुषांना ती दिली गेली. सुरुवातीला रोज अवघे २० मिलिग्रॅम आणि शुक्राणू पुरेसे घटल्यावर त्याहून कमी, अशी मात्रा. जवळजवळ ९९ टक्के पुरुषांमध्ये ती लागू पडली. पण काहींच्या रक्तातलं पोटॅशियम इतकं घसरलं की हातापायांतली ताकदच गेली, आणि गोळी थांबवल्यावरही दहा-वीस टक्के पुरुषांचे शुक्राणू परत आले नाहीत. शेवटी १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन गटाने हे काम सोडून द्यावं असा सल्ला दिला.

या प्रकरणातली एक बाब मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आवर्जून सांगतो. गॉसिपॉल घेणाऱ्या त्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे मुख्य पुरुष-संप्रेरक, बहुतांशी जागच्या जागी होतं. कामेच्छा, ताठरता, दाढी, आवाज, कशातही फरक नाही. गॉसिपॉलचा मारा मुख्यतः वृषणात तयार होत असलेल्या शुक्राणूपेशींवर आणि शुक्राणूच्या मधल्या भागातल्या ऊर्जाकेंद्रांवर होतो. संप्रेरकांच्या साखळीला ते फारसा धक्का लावत नाही. म्हणजे ‘मला काही त्रास नाही, सगळं व्यवस्थित आहे’ यावरून शुक्राणूंबद्दल काहीच अंदाज बांधता येत नाही. उलट बाजूनेही तेच: थकवा आला, इच्छा कमी झाली, म्हणून शुक्राणू कमी झाले असं समजू नका. याचं उत्तर फक्त वीर्यतपासणी देते.

आता तुमच्या स्वयंपाकघरातल्या सरकीच्या तेलाचं काय? ते रिफाइंड असेल तर सोडायची गरज नव्हती. शुद्धीकरणात तेलावर अल्कलीची प्रक्रिया होते, मग ते विरंजित केलं जातं. यात गॉसिपॉल जवळजवळ सगळं निघून जातं. सरकीपासून केलेल्या खाद्यपदार्थांसाठी अमेरिकेत मुक्त गॉसिपॉलची मर्यादा किलोमागे ४५० मिलिग्रॅम आहे. गॉसिपॉल जवळपास नसलेली सरकी देणारं कपाशीचं वाणही टेक्सासमधल्या संशोधकांनी तयार केलं आणि २०१८ मध्ये तिथल्या कृषी खात्याने त्याच्या लागवडीला मोकळीक दिली. हे सगळे सोपस्कार मुळात हा धोका खरा होता म्हणूनच आहेत. त्यामुळे घाण्यावर काढलेलं, शुद्ध न केलेलं, गडद रंगाचं सरकीचं तेल कुणी ‘नैसर्गिक आणि जास्त पौष्टिक’ म्हणून देत असेल, तर ते मात्र ठाम नकार देऊन परत करा. घाण्याच्या इतर तेलांना हा नियम लागू नाही. गॉसिपॉल कपाशीत असतं, शेंगदाण्यात किंवा तिळात नाही.

सोयाबीनबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं आणि सगळ्यात जास्त घबराटही तिथेच आहे. सोयात आयसोफ्लाव्होन असतात. त्यांची रचना इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी थोडी मिळतीजुळती असल्याने ती इस्ट्रोजेनच्या जागी जाऊन हलकीशी चिकटतात. या वर्गातल्या रसायनांची भीती आली मेंढ्यांमुळे. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. कारण खरंच वनस्पतिज इस्ट्रोजेन होतं. पण त्या मेंढ्या दिवसभर, महिनोन्महिने जवळजवळ तेच गवत खात होत्या, आणि त्यांच्या पोटातले जंतू त्या रसायनाचं रूपांतर अधिक प्रभावी रूपात करत होते. त्यावरून रोजच्या जेवणात थोडं सोया खाणाऱ्या पुरुषाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

पुरुषांवरचे अभ्यास भरपूर झालेत. २०२१ मध्ये ४१ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सोया किंवा आयसोफ्लाव्होन घेणाऱ्या पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये किंवा इस्ट्रोजेनमध्ये बदल आढळला नाही. दुसऱ्या बाजूला २००८ चा एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो. वंध्यत्वाच्या दवाखान्यात आलेल्या जोडप्यांतले ९९ पुरुष होते, आणि जास्त सोया खाणाऱ्यांच्या वीर्यात शुक्राणूंची घनता कमी दिसली. तो अभ्यास मी झटकून टाकत नाही. पण त्यात शुक्राणूंची हालचाल आणि आकार यांत फरक नव्हता, नातं जास्त वजनाच्या पुरुषांमध्ये अधिक ठळक होतं, आणि खाणं आधीच्या काही महिन्यांच्या आठवणीवरून नोंदवलेलं होतं. अशा एका अभ्यासावर मी कुणाचं जेवण बदलत नाही.

अतिरेकाने त्रास झाल्याची उदाहरणं मात्र आहेत आणि ती बोलकी आहेत. एक साठीचे गृहस्थ रोज जवळपास पावणेतीन लिटर सोयादूध पीत होते; त्यांची छाती वाढून दुखू लागली. एका १९ वर्षांच्या तरुणाने जवळजवळ सगळा आहार सोयावर आणला, दिवसाला ३६० मिलिग्रॅम आयसोफ्लाव्होन पोटात जायला लागलं. टेस्टोस्टेरॉन उतरलं आणि ताठरतेची तक्रार सुरू झाली. एका पेल्यातल्या सोयादुधात आयसोफ्लाव्होन साधारण २५ मिलिग्रॅम असतात, यावरून त्या आकड्याचा अंदाज येईल. दोघांनीही सोया बंद केल्यावर तब्येत सुधारली. तुम्ही आठवड्यातून दोन-तीनदा सोया खात होता असं लिहिलंय. ते पुन्हा सुरू करा.

ज्येष्ठमध तुमच्या यादीत नाही, पण असायला हवा होता, कारण तिथे माणसांवरचा पुरावा आहे. १९९९ मध्ये सात निरोगी पुरुषांना रोज सात ग्रॅम ज्येष्ठमधाचा अर्क दिला गेला, त्यात मुख्य घटक ग्लायसिरायझिक आम्ल अर्धा ग्रॅम होतं. चार दिवसांत टेस्टोस्टेरॉन बरंच उतरलं आणि बंद केल्यावर चार दिवसांत पुन्हा वर आलं. नंतरच्या अभ्यासांत ही घट बरीच कमी भरली. शुक्राणूंवर काय होतं हे त्यात पाहिलेलं नव्हतं. घसा बसल्यावर दोन दिवस कांडी चघळणाऱ्याला मी काही बोलत नाही. महिनोन्महिने रोज चूर्ण किंवा काढा घेणाऱ्याला थांबायला सांगतो, आणि त्यामागे टेस्टोस्टेरॉनपेक्षा मोठं कारण रक्तदाबाचं असतं: ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घसरतं.

बाकीची यादी पटकन संपवतो. पुदिन्याचा धसका उंदरांवरच्या प्रयोगांतून आणि अंगावर जास्त केस येणाऱ्या स्त्रियांच्या एका अभ्यासातून आलाय. चटणीला त्याचा काही संबंध नाही. पपईच्या बियांच्या अर्काने माकडांचे शुक्राणू थांबले, कडुनिंबाच्या तेलाने प्रयोगशाळेत शुक्राणू मेले, हे खरं आहे. म्हणून मुद्दाम बिया वाटून किंवा कडुनिंबाचा रस काढून रोज घेऊ नका, पण पपई खुशाल खा. कोबीवर्गातली रसायनं थायरॉइडच्या कामात अडथळा आणू शकतात, पण आहारात आयोडीन पुरेसं असेल तर शिजवलेल्या भाजीने काही बिघडत नाही. बटाट्याचा हिरवा पडलेला आणि मोड आलेला भाग काढून टाका, कारण त्यातल्या सोलॅनिनने उलट्या-जुलाब होतात. शुक्राणूंसाठी बटाटा सोडायचं कारण नाही. गोड बदामात सायनाइड देणारं रसायन नगण्य असतं, कडू बदामात मात्र धोकादायक प्रमाणात असतं आणि ते खाल्ले तर प्रश्न प्रजननाचा उरत नाही, जिवाचा होतो. जवसही पुन्हा सुरू करायला हरकत नाही.

बुरशीबद्दल दोन वाक्यं, कारण ती लोकांच्या यादीत नसते. मक्यावर आणि इतर धान्यांवर वाढणाऱ्या फ्युझेरियम बुरशीपासून झिॲरालेनोन नावाचं विष तयार होतं. त्याची वागणूक इस्ट्रोजेनसारखी असते आणि डुकरांमध्ये त्याने प्रजनन बिघडतं हे पशुवैद्यकांना चांगलं माहीत आहे. ते झाडाचं स्वतःचं विष नाही आणि शिजवून पूर्ण जात नाही, म्हणून बुरशी आलेलं, कुबट वासाचं धान्य धुऊन-वाळवून वापरू नका, फेकून द्या.

आता मी दवाखान्यात नेमकं काय शोधतो ते सांगतो. पदार्थांची नावं मी शेवटी विचारतो. आधी विचारतो: असं काही आहे का जे तुम्ही रोज, मोठ्या प्रमाणात, महिनोन्महिने खाताय? ते कच्चं किंवा प्रक्रिया न केलेलं आहे का? ते पदार्थ म्हणून खाताय की अर्क, चूर्ण, कॅप्सूल म्हणून? सरकीच्या तेलाच्या बाबतीत पहिल्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘हो’ होतं, म्हणूनच गावंच्या गावं सापडली. असंच कृत्रिम रसायनाच्या बाबतीतही झालं. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात जमिनीतले सूत्रकृमी मारणारं डीबीसीपी बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार आपसांत बोलू लागले की आपल्यापैकी कुणालाच मुलं होत नाहीत. तपासल्यावर अनेकांच्या वीर्यात शुक्राणू एकतर नव्हतेच किंवा फार कमी होते. वृषणावर खरोखर घाव घालणारं विष असं माणसांच्या गटात उघडं पडतं. मिश्र, शिजवलेलं, रोज बदलतं जेवण जेवणाऱ्या एका माणसाच्या ताटात ते दडलेलं असण्याची शक्यता फार कमी.

म्हणून मला तुमच्या ताटापेक्षा तुमच्या कॅप्सूलची काळजी वाटते. त्या बाटलीवर झाडांची नावं आहेत, पण किती किलो पाल्याचा अर्क एका कॅप्सूलमध्ये आहे हे लिहिलेलं नाही. शिवाय ‘शक्तिवर्धक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वनौषधींमध्ये सिल्डेनाफिलसारखी ताठरतेची औषधं आणि शरीरसौष्ठवाच्या उत्पादनांमध्ये स्टेरॉइड्स न सांगता मिसळलेली अनेक देशांतल्या औषध नियंत्रकांना वारंवार सापडली आहेत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन किंवा तत्सम स्टेरॉइड मिळालं की मेंदू वृषणाला द्यायचा आदेश थांबवतो आणि शुक्राणूंची निर्मिती मंदावते, कधी शून्यावर येते. स्नायू दिसायला उत्तम, वीर्य रिकामं, असे तरुण माझ्याकडे नियमित येतात. कॅप्सूल आजच बंद करा, बाटली टाकू नका, डॉक्टरांना दाखवा. साध्या दुधाच्या किंवा सोयाच्या प्रथिन पावडरीला माझा तसा आक्षेप नाही, फक्त ती कुठून आली हे खात्रीचं हवं. तंबाखू घेत असाल तर तीही सोडा. निकोटिन हेदेखील झाडाने किडींसाठी बनवलेलं विषच आहे, आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या वीर्यात शुक्राणूंची संख्या व हालचाल कमी आढळते, हे अनेक अभ्यासांत दिसलंय.

दुसरी गोष्ट तापाची. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, मग वृषणाशेजारच्या नलिकेत पक्व व्हायला साधारण दोन आठवडे. धरून चालू की तीन महिने. आजचं वीर्य तीन महिन्यांपूर्वीपासूनची हकिगत सांगत असतं. आठवडाभराच्या जोरदार तापानंतर महिनाभराने केलेल्या तपासणीत संख्या आणि हालचाल घसरलेली दिसणं अगदी अपेक्षित आहे. तुमचा अहवाल त्याच काळातला आहे, त्यामुळे त्यावरून काहीच पक्कं ठरवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार खालची संदर्भमर्यादा मिलिलिटरमागे १.६ कोटी, एका वेळच्या वीर्यात एकूण ३.९ कोटी आणि पुढे सरकणारे ३० टक्के अशी आहे. या रेषा, वर्षभरात ज्यांच्या जोडीदाराला दिवस गेले त्या पुरुषांमधल्या तळाच्या पाच टक्क्यांवर आखलेल्या आहेत. रेषेच्या खाली म्हणजे वंध्य, असा अर्थ होत नाही.

तेव्हा दुसरी तपासणी करा. ताप उतरून तीन महिने झालेच आहेत, पण कॅप्सूल आत्ता थांबवताय आणि वजनही झपाट्याने उतरलंय, म्हणून मी दोन टप्प्यांत करेन: एक लगेच, एक कॅप्सूल थांबवल्यावर तीन महिन्यांनी. दोन्ही वेळा आधीच्या वीर्यस्खलनापासून दोन ते सात दिवसांचं अंतर पाळून आणि शक्यतो एकाच प्रयोगशाळेत. पहिल्यासोबतच वृषणांची प्रत्यक्ष तपासणी करून घ्या. व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या शिरा फुगणं, साधारण १५ टक्के पुरुषांत असतं आणि मूल न होणाऱ्यांत ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत. रक्तातलं एफएसएच (वृषणाला शुक्राणू बनवायला सांगणारं संप्रेरक) आणि सकाळचं टेस्टोस्टेरॉनही पाहू. व्हेरिकोसील ओळखायला बोटांनी तपासणारा डॉक्टर लागतो, खाण्याच्या याद्यांनी ते कळत नाही. पुढे किती घाई करायची हे बरंचसं तुमच्या पत्नीच्या वयावर आणि तपासण्यांवर अवलंबून आहे. त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. त्यांचं वय ३५ च्या पुढे असेल तर ही तीन महिन्यांची वाट पाहत बसू नका, दोघांच्या तपासण्या एकदम सुरू करा. लगेच केलेल्या तपासणीचा अहवाल मिलिलिटरमागे ५० लाखांच्याही खाली आला तर जनुकीय तपासण्यांचाही विचार करावा लागतो. तो रेषेच्या वर आला तर कारण तापातच होतं असं मी समजेन.

दरम्यान नेहमीसारखं जेवा. सहा किलो वजन जाणं हे, तुम्ही स्थूल नसाल तर, शुक्राणूंना मदत करणारं नाही. उलट आहारातून काही फायदा व्हायचाच असेल तर तो भर घालून होतो. २०१२ च्या एका चाचणीत २१ ते ३५ वयाच्या ११७ निरोगी तरुणांपैकी ज्यांनी १२ आठवडे रोज ७५ ग्रॅम अक्रोड खाल्ले, त्यांच्या शुक्राणूंची हालचाल, जिवंतपणा आणि आकार सुधारला. अक्रोड म्हणजे औषध असं मी म्हणत नाही, आणि ते शुक्राणू कमी असलेल्या पुरुषांवरचं संशोधन नव्हतं. पण सुकामेवा सोडण्याचं तरी काही कारण नव्हतं.

राहिला बाळदुधाचा प्रश्न. तो तुम्ही सगळ्यात शेवटी, जरा बिचकत विचारलात आणि त्यासाठी आईला दोष देत असल्यासारखं वाटलं. २००१ मध्ये अशाच ८११ तरुण-तरुणींचा अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्यांतल्या काहींना तान्हेपणी सोयाचं आणि बाकीच्यांना गाईच्या दुधापासूनचं बाळदूध दिलं होतं. २० ते ३४ वर्षांच्या वयात दोन्ही गटांच्या एकूण आरोग्यात आणि प्रजननाशी संबंधित बाबींत मोठा फरक आढळला नाही. पुरुषांच्या प्रजननाच्या बाबतीत तर नाहीच. तुमच्या आजच्या अहवालाशी त्या डब्याचा संबंध जोडायला मला काहीच आधार दिसत नाही, आणि आईला याबद्दल विचारलंच असेल तर हेही तिला सांगा.